नवऱ्याच्या व्हिसावरचा संसार

लग्नानंतर सांगलीहून न्यू जर्सीला आले ती एच-फोर व्हिसावर. सांगलीत मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. इथे काम करायची परवानगी नव्हती, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही नव्हता. बँकेतलं खातं नवऱ्याच्या नावाला जोडलेलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर संपण्याची तारीख छापली होती तीसुद्धा व्हिसाच्या मुदतीची. कंपनीनं त्याच्या मुदतवाढीचा अर्ज रखडवला की माझं गाडी चालवणंही थांबणार.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाची पत्नी किंवा पती आणि 21 वर्षांखालची अविवाहित मुलं एच-फोरवर, त्याच्या आधारानं इथे राहतात. तो आधार गेला की त्यांचा राहण्याचा हक्क गेला. त्याची नोकरी सुटली तर 2017च्या नियमानुसार जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी किंवा दुसरा व्हिसा मिळवायचा, नाहीतर मुलांना शाळेतून काढून सामान बांधायचं.

26 मे 2015 पासून एच-फोरवरच्या काही जणींना काम करता येऊ लागलं. काहींनाच, कारण नवऱ्याचा ग्रीन कार्डासाठीचा आय-140 अर्ज मंजूर असायला हवा, किंवा त्याच प्रक्रियेमुळे त्याच्या व्हिसाला सहा वर्षांच्या मर्यादेपुढे मुदतवाढ मिळालेली हवी. मला ईएडी हे कामाच्या परवानगीचं कार्ड मिळालं आणि मी पुन्हा शिकवायला लागले. पगारापेक्षाही, आपण कुणीतरी आहोत हे पुन्हा जाणवलं याचा आनंद मोठा होता. या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षं खटला चालला. ऑगस्ट 2024 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं नियम कायम ठेवला. मात्र 30 ऑक्टोबर 2025 पासून कार्डाची आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. त्यानंतर नूतनीकरणाचा अर्ज केलेल्या बाईचं नवं कार्ड जुनं संपेपर्यंत आलं नाही, तर तिला काम थांबवावं लागतं.

मुलांचं दुःख वेगळंच. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000. त्यात कुटुंबीयही मोजले जातात आणि एका देशाला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग त्यामुळे दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. रविवारच्या मराठी शाळेत मी ज्यांना बाराखडी शिकवली, त्यांतली काही मुलं आता 21च्या उंबरठ्यावर आहेत. दोन-तीन वर्षांची असताना आलेली ही मुलं ‘एज आऊट’ झाली की त्यांना परदेशी विद्यार्थी म्हणून नवा व्हिसा घ्यावा लागतो, किंवा नीट आठवतही नसलेल्या देशात परतावं लागतं. 2002 च्या एका कायद्यानं वय मोजताना थोडी सवलत दिली आहे, पण एवढ्या लांब रांगेपुढे ती अनेकांना पुरत नाही.

22 फेब्रुवारी 2017 रोजी कॅन्सासमधल्या ओलेथ शहरात श्रीनिवास कुचिभोटला या इंजिनिअरची वर्णद्वेषातून गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला अंत्यसंस्कारासाठी भारतात गेल्या, आणि नवऱ्याच्या मृत्यूबरोबर आपला अमेरिकेत राहण्याचा हक्कही संपल्याचं त्यांच्या पुढे आलं. काँग्रेस सदस्य केविन योडर यांच्या मदतीनं त्या परत येऊ शकल्या. ही बातमी वाचली तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकीनं तिच्या जागी स्वतःला पाहिलं. तिच्यासाठी एक लोकप्रतिनिधी धावून आला. सगळ्यांसाठी कोण येणार?

युरोपात वेगळी वाट आहे. युरोपीय संघाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला, तर 2004 च्या निर्देशानुसार त्याच्या परदेशी जोडीदाराला राहण्याबरोबर काम करण्याचाही हक्क मिळतो. जोडीदारानं तिथे किमान वर्षभर वास्तव्य केलं असेल, तर नागरिकाच्या मृत्यूनं तो हक्क जात नाही. घरगुती हिंसाचारातून घटस्फोट झाला तरी तो टिकू शकतो. या वाटेच्या इतिहासात एक भारतीय नाव आहे. सुरिंदर सिंग यांची पत्नी ब्रिटिश; दोघं जर्मनीत नोकरी करून 1985 मध्ये ब्रिटनला परतले. 7 जुलै 1992 रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या परदेशी जोडीदारालाही त्या नागरिकाबरोबर राहण्याचा हक्क आहे. तिकडचा कायदा नागरिकांच्या कुटुंबासाठी आहे आणि आमचे नवरे इथे परदेशी कामगार आहेत, हे मला कळतं. तरीही वर्षानुवर्षं इथे कर भरणाऱ्या घरातल्या विधवेला आणि मार खाणाऱ्या बाईला स्वतःच्या पायावर राहण्याचा हक्क नसावा, हे मला अन्यायाचंच वाटतं.

हिंसाचार सोसणाऱ्या एच-फोरवरच्या बाईला आय-765व्ही हा फॉर्म भरून काम करण्याची परवानगी तेवढी मागता येते. ही तरतूद 2005 च्या कायद्यातली. फॉर्म मात्र 2017 मध्ये आला. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था 1985 पासून दक्षिण आशियाई बायकांना मदत करते आहे.

मुलीसाठी अमेरिकेतलं स्थळ पाहताना पगार आणि घर विचारता, तसंच मुलाचा व्हिसा कोणता, आय-140 मंजूर आहे का आणि मुलीला काम कधीपासून करता येईल, हेही विचारा. लग्नाची तारीख काढण्याआधी विचारा.