कडमतचा बेत

लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये समुद्र तापून पांढरे पडले. म्हणून घाई, उरलंय तेवढं पाहून घ्यावं.

आधी परमिट, मग कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान. पावसाळा टाळला, रमजानही. अंगात पाणी कमी असताना डायव्हिंग धोक्याचं. शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास विमानात बसायचं नाही, म्हणून परतीआधी एक दिवस मोकळा ठेवलाय.

बायकोही पाण्यात उतरणार. नातेवाइकांना तिच्या पडद्याची काळजी! हूडसकट वेटसूट घातला की चेहराच तेवढा उघडा राहतो, त्यावरही मास्क. अम्मीला मात्र फक्त आमच्या श्वासाची काळजी. ती खरी.

बेटांवर 96 टक्क्यांहून जास्त मुसलमान, पण कडमतची भाषा मल्याळम. आमची दखनी तिथं कोण समजणार? सलाम तेवढा चालेल. इन्शाअल्ला, जानेवारीत.