खारं पाणी

माझं माहेर सांगली आणि सासर कराड. दोन्हीकडे कृष्णाच. सासरी प्रीतिसंगमावर बघितलेलं पाणी खाली माहेरी जातं, याचं मला लग्नानंतर फार बरं वाटायचं.

पोहायला मला अब्बांनी शिकवलं, 1995च्या उन्हाळ्यात. फजरच्या नमाजनंतर ते मला सरकारी घाटावर न्यायचे. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचे आणि सांगायचे, "पानी से लडने का नै. तिरछा निकलने का." पोरांना पोहायला शिकवा, ही हजरत उमर यांच्या नावे सांगितली जाणारी शिकवण त्यांच्या तोंडी असे. पण मी बारा वर्षांची झाले आणि एका सकाळी ते एकटेच घाटावर गेले. अम्मी म्हणाली, "अब बस. बडी हुई तू." अब्बा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

2005च्या पुरात माझे भाऊ लोकांना बाहेर काढत होते. त्यांच्याइतकंच पोहता येणारी मी माडीवर बायकांमध्ये बसून पाणी मोजत होते. 2019 साली आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. त्याच पुरात 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली. गेलेल्यांत बायका होत्या, लेकरं होती. त्या रात्री मी ठरवलं, माझी मुलगी पोहायला शिकेल.

थोडी मोठी झाल्यावर ती मामाच्या विहिरीत शिकली. मी मात्र काठावरच असायचे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गुहागरला गेलो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. वाटेत मी मुलीला सांगितलं, कोयनेनं खरं तर कराडला कृष्णेला मिळायचं आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागराला जायचं. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवतात, त्यावर वीज तयार होते आणि ते वाशिष्ठीतून दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळतं. ती म्हणाली, "म्हणजे आपलंच पाणी आपल्याआधी तिथं पोहोचलंय?"

गुहागरचा किनारा लांबच लांब, मागं सुरूची झाडं. शहाळीवाल्या काकांना भरतीची वेळ विचारली. ते म्हणाले, "आता भरती आहे, पण छातीच्या पुढं जाऊ नका. ओहोटी लागली की बाहेर या. समुद्र म्हणजे नदी नव्हे, ताई."

मुलगी गुडघाभर पाण्यातून ओरडली, "अम्मी, तुला येतं ना?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी माझी पर्स हातात घेतली आणि म्हणाले, "दूर नको जाऊस." मी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पाण्यात शिरले. पंचवीस वर्षांनी!

पहिल्या लाटेनं नाकातोंडात मीठ भरलं. कृष्णेनं असं कधी केलं नव्हतं. पण दुसऱ्या लाटेला हात आपोआप चालू लागले. थोड्या वेळानं कळलं, काठ सरकतोय. पाणी मला आत ओढत होतं. लाटांनी काठावर आणलेलं पाणी कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. त्याच्याशी झुंजणारा दमतो आणि बुडतो. काठाला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं असतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या क्षणी आठवले ते अब्बा. तिरछी निघाले. पाय वाळूला लागले तेव्हा ते थरथरत होते.

संध्याकाळी अब्बांना फोन केला. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "बच्ची को डबा बांदी थी ना?"

सुट्टीनंतर शाळेत सातवीच्या मुलींना विचारलं, "तैरना किस किस को आता है?" एकही हात वर झाला नाही. मग कृष्णेची लांबी विचारली. वर्गातले सगळे हात वर झाले. सुमारे 1,400 किलोमीटर, सगळ्यांना पाठ होती.