राम-श्यामच्या गोळ्या

फेब्रुवारी २०२४मध्ये रावळगावच्या गोळ्यांच्या नाममुद्रा रिलायन्सने २७ कोटी रुपयांना विकत घेतल्याची बातमी आली आणि दोन-तीन दिवस आम्हा प्राध्यापक मित्रांत दुसरा विषय नव्हता. पान पसंद, मँगो मूड ही नावे निघाली, आणि हां हां म्हणता गाडी गोळ्यांवरून त्यांच्या जाहिरातींवर घसरली. एकाला जेम्सच्या गोळ्यांचा गुप्तहेर 'जेम्स बाँड' आठवला. (रोमन लिपीत ही कोटी निसटते, देवनागरीत गोळी आणि हेर यांचे नाव तंतोतंत एक होते. भाषांतरात गमावण्याऐवजी कमावल्याचे असे उदाहरण विरळाच.) दुसऱ्याने पुण्याच्या हारनिक कंपनीच्या 'फँटम' गोड सिगारेटींचा विषय काढला. पांढरी कांडी, तिला लाल टोक. ली फॉक यांचा मुखवटेधारी नायक अशा रीतीने मुलांच्या ओठांत आला होता. मी म्हणालो, माझ्यासाठी राम आणि श्याम.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पार्लेच्या पॉपिन्सची जाहिरात म्हणून राम आणि श्याम ही भावांची जोडी चित्रकथेतून येत असे. इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाची गोष्ट वाचता वाचता एखादे पान उलटावे तो हे दोघे हजर. चारसहा चौकटींत ते कुणा चोराला पकडत, कुणाला संकटातून सोडवत आणि शेवटी सगळ्यांच्या हातात रंगीबेरंगी गोळ्या असत. कथनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर रचना अगदी प्राथमिक आहे. पण मला वेताळापेक्षा ते दोघे जवळचे वाटत. वेताळाला जंगल होते, कवटीची गुहा होती, शपथ होती. या दोघांना फक्त मोकळा वेळ होता.

आम्ही तेव्हा खांडबाऱ्याला राहत होतो. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे, नवापूर तालुक्यातले हे गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला, त्यामुळे माझ्या बालपणीचा पत्ता 'जिल्हा धुळे' असाच आहे. वडील शिक्षक होते. बाजारात मावची, अहिराणी, गुजराती आणि मराठी एकाच वजनकाट्यावर चालत. गोळ्या म्हणजे दुकानातल्या काचेच्या बरणीतल्या सुट्या, उन्हाळ्यात एकमेकींना चिकटणाऱ्या, नाव नसलेल्या. जाहिरातीतली गोळी आम्ही वाचायचो आणि बरणीतली खायचो. माझ्या मित्रांचे स्मरणरंजन जिभेचे आहे. माझे बहुतांशी डोळ्यांचे. नाशिकच्या मामेभावाकडून जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा येई. त्यातली राम-श्यामची पाने मी ब्लेडने कापून एका वहीत चिकटवीत असे. मागच्या पानावरचा वेताळ त्यामुळे गोंदाखाली कायमचा गाडला जाई, याचे मला काहीच वाटत नसे.

या वहीचा दुसरा वाचक माझ्या बाकावर बसत असे. घरी मावची बोलणारा, पाढ्यांत माझ्यापेक्षा पक्का. राम आणि श्याम कोणत्या गावचे, हा त्याचा पहिला प्रश्न होता, आणि मला उत्तर देता आले नव्हते. चित्रात गावाचे नाव नव्हतेच. त्यांचे आईवडील काय करतात, हा दुसरा. तेही चित्रात नव्हते.

दिवाळी झाली की तो दिसेनासा होई. त्याचे कुटुंब ऊसतोडीला बारडोलीकडे जात असे, आणि होळीच्या मागेपुढे परतत असे. आमच्या भागातून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जाणारी ही वाट जुनी आहे, आणि अजून मोडलेली नाही. तोडणीच्या हिशेबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. वर्गात लक्षणा शिकवताना मी वर्षानुवर्षे पुस्तकातली ठरीव उदाहरणे देत आलो. हे उदाहरण माझ्या बाकावर बसलेले होते हे सुचायला फार वर्षे गेली.

तिसरीत असताना आमचा करार झाला. मामाने मला पॉपिन्सची एक अख्खी पुडी दिली होती. ती मी तो परत येईपर्यंत फोडायची नाही. त्याने येताना तिकडचा ऊस आणायचा. मग वहीतल्या जाहिरातीसारखे करायचे, म्हणजे सगळ्यांना एकेक गोळी. मी राम, तो श्याम. पुडी मी कंपासपेटीत ठेवली. डिसेंबरात एक गोळी काढली आणि कागद पुन्हा पीळ देऊन बंद केला. त्यानंतरचे सांगण्यात अर्थ नाही. एका वेळी एकच खाल्ली, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल.

होळीनंतर तो आला. उसाची तीन कांडी त्याने फडक्यात गुंडाळून आणली होती, वाळून हलकी झालेली. हातांवर पात्याने कापल्याच्या बारीक रेघा होत्या. मी पुडी दिली. तिच्यात दोन गोळ्या होत्या. मी म्हणालो, पुडीत एवढ्याच येतात.

तो काही बोलला नाही. त्याने माझी वही मागून घेतली, शेवटची चौकट काढली आणि चित्रातल्या फाडलेल्या पुडीतून बाहेर आलेल्या गोळ्यांवर बोट ठेवून त्या मोजल्या. मोजणीत तो चुकत नसे. मग त्याने वही मिटून मला दिली आणि दोन्ही गोळ्या धाकट्या बहिणीसाठी खिशात ठेवल्या. ऊस आम्ही तिथेच खाल्ला. पाचवीनंतर तो शाळेत आला नाही.

इंग्रजीतल्या 'नॉस्टॅल्जिया' या शब्दाला 'स्मरणरंजन' हा पर्याय मराठीत रूढ आहे. मूळ शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझल येथील प्रबंधात, परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांच्या आजारासाठी, ग्रीक पदे जोडून घडवला: घरी परतणे आणि वेदना. मराठी पर्यायात यातले दुसरे पद गळून त्या जागी रंजन आले. शब्द सुटसुटीत आहे, मीही वापरतो, या लेखातही वापरला. पण राम-श्यामच्या आठवणीला तो लावताना मला अडखळायला होते, आणि मित्रांच्या त्या गप्पांत मी करारापर्यंतची गोष्ट सांगून थांबलो होतो. सगळे हसले होते.

रावळगावबद्दल त्या चर्चेत एक गोष्ट कुणी उच्चारली नाही. तो मुळात साखर कारखाना. वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यात १९३३ मध्ये उभारलेला. गोळ्या १९४२ पासून. उसाच्या फडाजवळच गोळीचा कारखाना, इतके ते नाते उघडे होते. तरी आमच्या आठवणीतली गोळी थेट जाहिरातीतून आली होती. तिच्यामागे ऊस नव्हता, मग कोयता कुठून असणार?

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाला जाहिरात-लेखनाचा स्वाध्याय दिला: लहान मुलांसाठी गोळीची जाहिरात, त्यात एक कार्टून पात्र हवे. बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेले परदेशी मांजर किंवा मोटू-पतलूच्या धर्तीवरची जोडी काढली. एका मुलीचा स्वाध्याय उशिरा, मार्चमध्ये आला. नोव्हेंबरपासून ती वर्गात नव्हती आणि उपस्थितीच्या रकान्यात मी चार महिने रेघा ओढल्या होत्या. तिच्या जाहिरातीत उसाचे एक कांडे होते, त्याला हातपाय, डोक्यावर पाचटाची शेंडी. ते पडावावरून निघते, बैलगाडीत बसते, कारखान्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूने गोळी होऊन बाहेर पडते. शेवटच्या चौकटीत ते पुन्हा पडावावर येते आणि झोपड्यांतल्या मुलांना विचारते, मला ओळखले का?

जाहिरातीत उत्पादनाची किंमत आणि संपर्काचा पत्ता हवा, असे मी फळ्यावर लिहून दिले होते. ती तेव्हा वर्गात नव्हती. तिने दोन्ही लिहिले नव्हते. नियमाप्रमाणे मी पाचपैकी तीन गुण दिले. संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा कागद काढला आणि साडेचार केले. गोळीचे नाव तिने दिलेच नव्हते, म्हणून पाच देता येत नव्हते.