बाप्पांचे शेजारी

नोकरी रोह्याला लागली. कुंडलिकेकाठचे गाव मनात भरले. पण धाटावच्या कारखान्यांतील मंडळींनी बऱ्या जागा केव्हाच धरलेल्या. शेवटी रेल्वेने ये-जा करायचे ठरवून पेणला बिऱ्हाड पाहिले.

पेण म्हणजे गणपतींचे गाव. कुंभार आळीजवळ दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण आजी म्हणाल्या, “भाडं कमी घेईन. पण आषाढ लागला की पुढची खोली बाप्पांची. पावसात मूर्ती वाळायला कोरडी जागा लागते.”

मी मान डोलावली. आषाढात शाडूच्या मूर्तींनी खोली भरली. आम्ही चौघे स्वयंपाकघरात! सौभाग्यवती रोज कुरकुरे.

एका रात्री आजींचा मुलगा डोळ्यांची आखणी करीत बसला. बारीक कुंचला, रोखलेला श्वास, एक रेघ. आणि मातीने आमच्याकडे पाहिले. सौभाग्यवतीने मुकाट्याने त्याच्यापुढे चहा ठेवला. कुरकुर तिथेच संपली.

चतुर्थीच्या तोंडावर टेंपो आले, खोली रिकामी झाली. धाकटीने विचारले, “बाबा, आता इथं कोण राहणार?”

दिवाळीत रोह्याला जागा सांगून आली. स्टेशनाजवळ, तीन खोल्या. मी घरात विचारले. सौभाग्यवती म्हणाली, “आणि आषाढात?”

आम्ही अजून पेणलाच आहोत.