पेढीच्या काठावरून ऋणमोचनाला

नवा माणूस भेटला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘नावगाव काय?’ नाव आणि गाव हे दोन शब्द आपण असे जोडूनच उच्चारतो. पण माणसाच्या नावाचे बारसे होते, घुगऱ्या वाटल्या जातात. गावाचे बारसे मात्र कुणी पाहिलेले नसते. कुणीतरी, कधीतरी एक शब्द उच्चारतो आणि पुढच्या पिढ्या अर्थाच्या फंदात न पडता तो चालवीत राहतात. आमच्या वऱ्हाडात तर अशा नावांची गंमत पावलोपावली आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यात कापूसतळणी आहे. तिथे कापूस कुणी आणि कशात तळला, हे विचारायचे नाही! एका चांदूरला रेल्वे चिकटली आहे, तर दुसऱ्याला बाजार.

मी वलगावचा. अमरावतीहून एसटीत बसावे, तर अर्ध्या तासाच्या आत वलगाव येते. आमच्या बोलीत ‘ओ’चा ‘व’ होतो. ओळखीला आम्ही ‘वळख’ म्हणतो, ओल्याला ‘वला’. मृगाचा पाऊस पडला की शेतकरी माती मुठीत दाबून म्हणतो, “वल आली.” त्यामुळे वलगाव म्हटले की माझ्या कानाला आधी ती पेरणीची ओल जाणवते. गावाजवळून वाहते ती पेढी नदी. आता ‘पेढी’ म्हणजे सराफाची, सावकाराची गादी! ही पेढी पुढे पूर्णेला मिळते आणि त्याच पूर्णेच्या काठी, भातकुली तालुक्यात, एक लहानसे गाव आहे. त्याचे नाव ऋणमोचन. पेढीच्या काठी राहावे आणि कर्ज फेडायला पूर्णेच्या काठी जावे, असा हा आमच्या भूगोलाचा विनोद आहे.

ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. या नावाची तीर्थे इतरत्रही आहेत. अयोध्येला शरयूवर ऋणमोचन घाट आहे, हरियाणात कपालमोचनाजवळ ऋणमोचन सरोवर आहे. पण ते घाट आणि सरोवर. आमच्याकडे अख्खे गावच त्या नावाचे. पौष महिन्यात दर रविवारी तिथे यात्रा भरते. माणसे पूर्णेत स्नान करतात, मुद्गलेश्वराचे दर्शन घेतात आणि झाडाखाली बसून रोडगे खातात. मला मात्र त्या गावच्या सातबाऱ्याचे कुतूहल वाटते. कागदाच्या माथ्यावर छापलेले असते ‘गाव : ऋणमोचन’, आणि खाली इतर अधिकारांच्या रकान्यात पीककर्जाचा बोजा!

हा बोजा आजचा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव उतरला. पण वाढलेला खर्च आणि सावकाराची वही मात्र उतरली नाही. त्यातून पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमीन काळीभोर, कसदार. पण विहीर खोदावी तर पाणी खारट. ते पिकाला द्यावे तर जमीन बिघडते. म्हणून सारी भिस्त आभाळावर. आभाळ रुसले की माणूस कर्जाच्या दारात.

या नावाचा अर्थ ज्याने खऱ्या अर्थाने मनावर घेतला तो माणूसही याच मातीतला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच आपले गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेणगावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेले, म्हणून दापुऱ्याला मामाच्या घरी ते वाढले. मामाची शेती सावकाराच्या कर्जापायी कशी गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९०५ साली त्यांनी घर सोडले. पुढे ऋणमोचनच्या यात्रेत ते खराटा घेऊन उभे राहिले, आंधळ्यापांगळ्यांच्या पंगती बसवल्या, आणि १९०८ मध्ये तिथे पूर्णेवर घाट बांधवला. लोक पाण्यात बुडी मारून कर्ज फिटण्याची वाट पाहत. बाबा कीर्तनात त्यांना बजावीत की कर्ज काढून सण करू नका, लग्ने करू नका, पोरांना शिकवा. असा हा माणूस अखेरीस, २० डिसेंबर १९५६ रोजी, आमच्या वलगावजवळ पेढीच्या पुलावर गेला. गाडीत, वाटेतच. त्यांच्या मागे स्वतःच्या नावाचे घर नव्हते, शेत नव्हते, आणि कुणाचे देणेही नव्हते.

माझे वडील दर पौषात एका रविवारी ऋणमोचनला जातात. लहानपणी मला वाटे, सोसायटीचे कर्ज फिटावे म्हणून जात असतील. आजी तर उघड थट्टा करी, “नदीत न्हालं म्हंजे का सोसायटीच्या वहीतलं नाव धुतल्या जाते काय रे?” बाबा नुसते हसत. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारची कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. कर्जमुक्ती! ऋणमोचनाचाच हा सरकारी मराठी तर्जुमा. यादीत बाबांचे नाव लागले आणि सातबारा कोरा झाला. घरात त्या दिवशी गोडाचा शिरा झाला. पुढच्याच मृगाला बियाणे-खतासाठी नवे पीककर्ज काढावे लागले, तो भाग वेगळा. पण मला नवल वाटले ते याचे, की सातबारा कोरा असलेल्या त्या वर्षीही पौष लागताच बाबांनी ऋणमोचनची तयारी केली.

गेल्या पौषात त्यांनी मला बरोबर नेले. थंडी मी म्हणत होती. पूर्णेला गुडघाभर पाणी. बाबांनी स्नान केले आणि ओल्या अंगाने उभे राहून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले. घाटावर आल्यावर मी विचारले, “काय मागितलं, बाबा?”

“मागाले कोन येते?” ते म्हणाले. “हिशेब सांगाले येतो. जे वहीत हाये ते वहीवाला इसरत नाई. जे वहीत नाई, ते इथं सांगा लागते.”

मग त्यांनी मला तो हिशेब सांगितला. २०१७ साली बोंडअळीने आमचा कापूस खाल्ला, त्या वर्षी त्यांच्या मामांनी दोन पोते ज्वारी आणि चाळीस हजार रुपये रोख दिले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. परत द्यायला गेले तर मामा म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. ते पुढचे वर्ष आलेच नाही. २०२१ मध्ये मामा गेले. आता त्यांचा नातू आमच्या घरी राहतो, माझ्याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. त्याची फी, एसटीचा पास, वह्या सारे बाबा पाहतात. आईला ही ओढाताण दिसते, कारण ताईचे लग्न तोंडावर आहे. “आपल्याच पोरीच्या येळेले हात आखडता घ्याचा काय?” असे तिने एकदा विचारलेही होते. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतीत एका वेळी दोन कार्ये बसत नाहीत.

“मले काई झालं तं हे कोनाले ठाऊक राहीन?” बाबा म्हणाले. “आता तुले ठाऊक झालं.”

परतताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. घरी आल्यावर मी आईला आणि ताईला सर्व सांगितले, कारण घरात ते आजवर कुणालाच माहीत नव्हते. आई बराच वेळ चुलीपाशी बसून होती. ताईच मग म्हणाली की मांडव दारातच टाकू, बँड नको, आणि त्यासाठी सोसायटीत जायचे नाही. सासरची मंडळी काय म्हणतील, ही धास्ती आईला अजूनही आहे. त्यांच्याशी बोलायला बाबा पुढच्या आठवड्यात जाणार आहेत, आणि या वेळीही मला सोबत चल म्हणाले आहेत.