दहाच्या आत

"कोड कसा आहे रे?" असं प्रोग्रामरला विचारलं की दोनच उत्तरं येतात. स्वतःचा असेल तर "थोडा कॉम्प्लेक्स आहे, पण चालतो." दुसऱ्याचा असेल तर "अरे, काय गिचमिड करून ठेवलीय!" दोन्ही नुसती मतं. आणि मतांवर कोड रिव्ह्यू चालला की भांडणं ठरलेली.

ही गिचमिड मोजायची एक सोपी युक्ती थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडली. नाव भारदस्त आहे, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. हिशोब मात्र तोंडी करता येतो. फंक्शनमध्ये निर्णयाच्या जागा किती ते मोजा (इफ, फॉर, व्हाइल, केस...) आणि त्यात १ मिळवा. झालं! बरीच टूल्स अटीतले अँड-ऑरसुद्धा धरतात. येणारा आकडा म्हणजे फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा, म्हणजेच नीट टेस्टिंग करायचं तर किती वाटा तपासायच्या त्याचा अंदाज. मॅकेब यांनी मर्यादा सुचवली १० ची.

आता तुम्ही म्हणाल, आकडा वाढला तर बिघडलं कुठे? कोड चालतोय ना?

सांगतो. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टात विम्याचा प्रीमियम काढणारं एक फंक्शन होतं. टूल लावलं तर आकडा आला ५८! ते पूर्ण समजणारा माणूस टीममध्ये एकच. त्याचे वडील आयसीयूत होते, तेव्हाही बाहेरच्या बाकड्यावर बसून तो फोनवर सांगत होता, "नाही नाही, तो फ्लॅग काढू नका, खाली ग्रुप पॉलिसीला तोच लागतो." सुट्टी मंजूर झाली होती हो त्याची. पण ५८ वाटा त्याच्या एकट्याच्या डोक्यात, मग त्याला सोडणार कोण? कोडमधली गुंतागुंत फुकट नसते. तिचं बिल कुणाच्या तरी नावावर फाटतंच.

पण हा आकडा म्हणजे काही देव नव्हे. एक गंमत बघा. महिन्याचं नाव सांगणारा १२ केसेसचा स्विच लिहिला तर आकडा येतो १३, मर्यादेबाहेर. वाचायला मात्र तो वाण्याच्या यादीइतका सोपा. (मोठ्या केस-स्टेटमेंटला मॅकेब यांनी स्वतःच सूट दिली होती.) उलट एका फॉरच्या पोटात इफ, त्याच्या पोटात इफ, त्याच्याही पोटात इफ... आकडा फक्त ५, पण वाचताना घाम फुटतो.

म्हणूनच पुढे चाळीसेक वर्षांनी सोनारसोर्सने कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाचं माप आणलं. यात जितकं आत शिराल तितका दंड जास्त. वरच्या फॉरचा १, मग २, ३, ४, एकूण १०. आणि तो सगळा स्विच मिळून फक्त १. वाचणाऱ्याला जे जाणवतं त्याच्या हे जास्त जवळ जातं.

त्या ५८ वाल्याचं आम्ही काय केलं? आधी कोडला हातच लावला नाही. आहे ते वागणं पकडून ठेवणाऱ्या टेस्ट्स लिहिल्या. मग नको त्या केसेस सुरुवातीलाच रिटर्न करून टाकल्या, त्यामुळे घरटी कमी झाली. तीन ओळींच्या अटीला नाव दिलं, "हप्ता थकलेला आहे का?" असं. वयोगटाचे दर इफ-एल्समधून काढून सरळ टेबलात टाकले. उरलेल्या नियमांची छोटी फंक्शन्स केली. मुख्य फंक्शन ७ वर आलं. विम्याचे नियम काही कमी झाले नाहीत, ते कंपनीने केलेत, राहणारच. पण आता ते एकेक करून वाचता येतात. पुढचा बदल टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने दुपारभरात केला, आणि त्या मित्राला एकही फोन गेला नाही.

एक धोका मात्र आहे. हा आकडा अप्रेझलमध्ये घालू नका. घातलात की लोक एका फंक्शनचे पार्ट-वन, पार्ट-टू करून मोकळे होतात. आकडे दहाच्या आत आणि वाचणारा सहा फायलींमध्ये भटकतोय! फोडलेल्या तुकड्याला नीट नाव सुचत नसेल, तर तो तुकडा चुकीच्या जागी तोडलाय असं समजा. आकडा फक्त कुठे बघायचं ते सांगतो. बघावं आपल्यालाच लागतं.

सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या प्रोजेक्टवर असं एखादं टूल चालवून बघा. यादीत सगळ्यात वर जे फंक्शन येईल त्याच्यापुढे, ते नीट समजणाऱ्या माणसांची नावं लिहा. एकच नाव आलं, तर काम कुठून सुरू करायचं ते कळलंच.

असो. बाकी पुढच्या शनिवारी.