फाइलवर लिहिलं होतं ‘मजुरी’

गेल्या दिवाळीनंतर नारायणगावच्या माझ्या दवाखान्याचं थोडं काम काढलं होतं. बाहेर पायऱ्यांसाठी ग्रॅनाइट कापणं चालू होतं. मशीन सुरू झालं की पांढरा लोट उठायचा. मी काय केलं? तपासणीच्या खोलीची खिडकी लावून घेतली, टेबल पुसायला सांगितलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

तो आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या गावचा. वय ३६. खोकला आणि दम यासाठी दोन वर्षं माझ्याकडे येत होता. पहिल्या एक्स-रेत फुप्फुसांच्या वरच्या भागात डाग होते, वजनही उतरलं होतं. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी एक्स-रेवरून मी टीबीचीच औषधं सुरू केली. सहा महिन्यांत त्याने एकही डोस चुकवला नाही. खोकला होता तसाच राहिला आणि दम वाढला.

त्या दिवशी खुर्चीत बसता बसता त्याने बाहेरच्या आवाजाकडे कान दिला. म्हणाला, “सायेब, कोरडंच कापतोय त्यो. पोरगं नवीन दिसतंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चौदा वर्षं फरशीचंच काम केलंय की.”

मी फाइल उलटून पाहिली. व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता : मजुरी. कसली मजुरी, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुण्याला सीटी स्कॅन झाला, छातीच्या डॉक्टरांनी पाहिलं. निदान आलं सिलिकोसिस.

लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आपण ठिणग्या पाडायचो. ती गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, स्फटिकरूप सिलिका. दगड कापताना तिचं पीठ होतं. डोळ्यांना दिसणारा लोट बराचसा नाकाघशात अडतो. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण पाच मायक्रॉनहूनही लहान. ते थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या राखणदार पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, कण मोकळे होतात, नव्या पेशी पुन्हा ते गिळतात. या झटापटीत फुप्फुसात वण आणि गाठी तयार होतात. टीबीच्या जंतूंना अडवणाऱ्या पेशीही ह्याच, म्हणून सिलिका साठलेल्या फुप्फुसात टीबी होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, तेव्हा हे वाचून कुणी टीबीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

“आपल्याकडच्या दगडाची धूळ बाधत नाही,” असं इथे नेहमी ऐकतो. शिवनेरी आणि लेण्याद्री ज्यात कोरले, तो आपला काळा दगड बसॉल्ट. त्यातली बहुतेक सिलिका दुसऱ्या खनिजांत बांधलेली असते, मोकळी गारगोटी कमी. एवढं खरं. पण खडी क्रशरची धूळही वर्षानुवर्षं छातीत गेली तर श्वासनलिका खराब करतेच. शिवाय घर आता नुसत्या काळ्या दगडाचं कुठे राहिलंय? टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात, ग्रॅनाइट दक्षिणेकडून. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त गारगोटी असते. शहरात हल्ली क्वार्ट्झचा कृत्रिम ओटा बसवतात, त्यात तर नव्वद टक्क्यांच्या आसपास. असा दगड कापणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं जाऊ लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो वापरण्यावरच बंदी घातली.

अमेरिकेने २०१६ मध्ये घातलेली मर्यादा अशी : आठ तासांच्या कामात एका घनमीटर हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. बंद खोलीत कोरडी कापणी चालू असेल तर ती मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

यावर आमच्या पेशंटचा उपाय होता गूळ. रोज संध्याकाळी खडा तोंडात टाकायचा, धूळ उतरते म्हणे. आपल्या भागात गुळाला तोटा नाही, खुशाल खावा. पण तो अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ असते फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालातून बारीक कण आरपार जातात. एन-९५ मास्क उपयोगी, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवर तो बसत नाही. आणि उन्हात आठ तास कोण लावून ठेवतो?

म्हणून धूळ उडण्याआधीच अडवायची. पात्यावर सतत पाण्याची धार असेल तर ती साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होते. मी ठेकेदाराला गाठलं. तो म्हणाला, पाण्याने रेघ पुसते, चिखल होतो, आणि करंट बसला तर? पहिल्या दोन अडचणी किरकोळ होत्या. रेघ मार्करने मारली, चिखल ओला असतानाच खरवडून उचलला, कारण वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. तिसरी मात्र खरी. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही म्हणजे नाही. पाण्याची नळी जोडलेला कटरच हवा आणि विजेच्या लाइनवर आरसीसीबी हवा. यात माझं अर्ध्या दिवसाचं काम अडलं, एवढंच. झाडू मारण्याआधीही पाणी शिंपडायला सांगितलं.

नवा कटर आल्यावर आमचा पेशंटच बाहेर जाऊन उभा राहिला. “आधी पाणी, मग बटन,” त्याने पोराला दाखवलं. दोन वाक्यं बोलला आणि धाप लागून पायरीवर बसला.

झालेले वण पुसणारं औषध नाही. काम सोडल्यावरही हा आजार पुढे सरकू शकतो. कायद्याने हा कामामुळे होणारा आजार मानला आहे, भरपाईचा हक्कही आहे. पण चौदा वर्षांत किती ठेकेदार झाले, त्याचा एकही कागद त्याच्याकडे नाही. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो त्याने कधी मागितला नाही आणि कुणी दिलाही नाही. तुमच्या घरी काम करणाऱ्याने असा दाखला मागितला तर टाळू नका.

आता तो गावीच असतो. हिरड्याच्या हंगामात झाडावर चढवत नाही, खाली बसून निवडतो.

मागच्या महिन्यात धाकट्या भावाला घेऊन आला. तोही फरशीच्याच कामाला. एक्स-रे आज तरी साफ आहे. दरवर्षी काढायचा ठरलंय. त्याच्या फाइलवर मी लिहिलं : फरशी व ग्रॅनाइट कापणे, ९ वर्षं, पाण्याशिवाय.